२ जीबीचं मशीन भंगारात घालण्याआधी

कृष्णाकाठ

'नवीन लॅपटॉप कोणता घ्यावा' या धाग्यावर काल पोलादी यांनी लिहिलं: "४ जीबीच्या खालचं मशीन म्हणजे भंगार. त्यावर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) घालून गरजूंना वाटणं म्हणजे आपली हौस दुसऱ्याच्या माथी मारणं. त्यापेक्षा ८ हजारांचा फोन हातात द्या." तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण ते फार लांबलं. विचारणाऱ्या बिचाऱ्याचा धागा भरकटायला नको म्हणून वेगळं लिहितोय.

माझी मावशी वाळवा तालुक्यात असते. वय ५८, बचत गटाची सचिव. तिच्याकडे फोन आहे, चांगला आहे, पैसे पाठवण्यापासून सातबारा बघण्यापर्यंत सगळं ती त्यावर करते. पण गटाचं इतिवृत्त, बँकेला द्यायची पत्रं आणि १४ बायकांच्या हप्त्यांचा हिशेब फोनवर होत नाही. ती वहीत लिहायची, मग एसटीने इस्लामपूरला जाऊन टाइप करून आणायची. एक आकडा चुकला की पुन्हा एसटी.

चुलतभावाकडे २००९चा लॅपटॉप पडून होता. कोअर २ ड्युओ, २ जीबी डीडीआर२, २५० जीबीची हार्डडिस्क, वर विंडोज १०. बटण दाबल्यापासून काम सुरू करेपर्यंत चहा उकळून व्हायचा, आणि काहीही न उघडता दीड जीबी रॅम भरलेली. विंडोज ११ला किमान ४ जीबी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी, म्हणजे तो रस्ता बंद. १०चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मी १२० जीबीची एसएसडी आणली, ११०० रुपयांना. वर डेबियन १२ हे लिनक्स, एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप, फायरफॉक्स, जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन आणि झेडरॅम. चालू झाल्यावर ३८० एमबी रॅम भरते. मेलचा टॅब उघडला की ९००च्या आसपास, बँकेची साइट उघडली की १२००. त्यावर हिशेबाच्या कॅल्कची शीट उघडली तरी मशीन अडत नाही, कारण मागे पडलेल्या गोष्टी झेडरॅम रॅममध्येच दाबून ठेवतं, डिस्क खरवडत बसत नाही.

काय होत नाही तेही सांगतो. व्हिडिओ मीटिंग होत नाही. यूट्यूब ३६०पी चालतं, तेही एच२६४ या जुन्या, हलक्या प्रकारात सक्तीने मागवलं तर, कारण एरवी येणारा व्हीपी९ प्रकार उलगडताना दोन्ही कोअर शंभर टक्क्यांवर जातात. आठ-दहा टॅब उघडायचे नाहीत. मावशीला हे पहिल्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सिनेमा बघायचाय का त्यावर?"

मशीन २००९ला जेवढं होतं तेवढंच आहे. जड झालंय ते वेब. चार ओळींची बातमी वाचायला आज जेवढी रॅम लागते, तेवढ्यात तेव्हा अख्खं ऑफिस चालायचं. पोलादी, याची शिक्षा ज्याच्याकडे नवीन घ्यायला पैसे नाहीत त्याला का?

पोलादी

माझं वाक्य अर्धंच उचललंत. 'गरजूंना वाटणं' हे महत्त्वाचं होतं. तुमची मावशी गरजू नाही, तिला तुम्ही आहात. एसएसडी बदलणारा, झेडरॅम लावणारा, रात्री फोन उचलणारा भाचा आहे. तो ज्याला नाही त्याचं बोलतोय मी.

नाशिकला १९ वर्षं हार्डवेअरचं काम करतोय. लिनक्स मला नवीन नाही. एका ऑफिसने २००४ ते २००९मधले १० डेस्कटॉप काढले, सगळे २ जीबीच्या आतले. भंगारवाल्याला जाण्याआधी मी मागून घेतले. दोन रविवार खर्ची घालून प्रत्येकावर पपी (लिनक्सचा एक हलका प्रकार) टाकलं आणि त्र्यंबक तालुक्यातल्या एका शाळेत स्वतःच्या गाडीने पोचवले. मुलांचे चेहरे बघून मलाही बरं वाटलं होतं, ते नाकारत नाही. उन्हाळ्याची सुट्टी झाली. जूनमध्ये गुरुजींचा फोन: नेट आहे, पण एकही साइट उघडत नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं काहीतरी इंग्रजीत येतं. मी फोनवर सांगितलं, रीस्टार्ट करा, राउटर बंद-चालू करा. काही झालं नाही. मग प्रिंटर चालेना. मग वर्डची फाइल वेगळी दिसते म्हणून तक्रार. दिवाळीपर्यंत दहाही मशीनवर चादरी.

तेव्हा ठरवलं, पुन्हा असं कुणाला द्यायचं नाही. १३-१४ हजारांत ८ जीबीचा रिफर्बिश्ड लॅपटॉप मिळतो. दहा भंगार देण्याऐवजी वर्गणी काढून दोन धड द्या.

कृष्णाकाठ

वर्गणी काढायला मावशीचं गाव नाशिक नाही. तिच्याकडे १४ हजार नव्हते, ११०० होते. एवढंच.

हिशेबी

दोघांनीही विजेचं बिल धरलेलं नाही. पोलादींच्या मशीनच्या काळातल्या पेंटियम ४ प्रेस्कॉटचा नुसता प्रोसेसरच ८४ वॅटच्या पुढे जातो. बोर्ड, डिस्क, जुना सीआरटी मॉनिटर धरला तर एका डेस्कटॉपला दीडशे-दोनशे वॅट सहज. १५० धरा. रोज ५ तास, महिन्याचे ३० दिवस: साडेबावीस युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर महिन्याला १८० रुपये, वर्षाला २१६० रुपये. फुकट मिळालेला डब्बा दर दोन वर्षांनी चार हजारांचा खड्डा पाडतो. लॅपटॉप २५-३० वॅटमध्ये भागतो. तेव्हा कृष्णाकाठ यांचा लॅपटॉप ठीक, पण पेंटियम ४ कुणालाही देऊ नका, त्यावर काहीही टाका. हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी लोक रॅमवरच बोलत राहतात.

मोगरी

बार्शीत माझं टायपिंगचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. कृष्णाकाठ, तुमच्या मावशीसारख्या बायका माझ्याकडेच येतात आणि एक आकडा चुकला म्हणून मी कुणाकडून दुसऱ्यांदा पैसे घेतलेले नाहीत, हे आधी नोंदवते.

आता लिनक्सचं. गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने दुकानातल्या जुन्या मशीनवर घालून दिलं. चालू झटक्यात होतं, वाद नाही. पण माझ्याकडे २००४पासूनच्या फाइली आहेत. साठेखतं, जाहीर नोटिसा, लग्नपत्रिका, वकिलांचे दावे. काही कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये, काही डीव्हीबी सुरेखमध्ये, काही एका जुन्या डीटीपी पॅकेजमध्ये, जे डोंगल (परवान्याची चावी असलेला छोटा प्लग) लावल्याशिवाय उघडतच नाही. लिनक्सवरच्या लिब्रे ऑफिसमध्ये उघडलं की नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. आणि माझी बोटं रेमिंग्टनची, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डची. सरकारी परीक्षेची ३० आणि ४०, दोन्ही त्यावर पास झाले. तुमच्या लिनक्सवाल्यांना वाटतं, मराठी टाइप करता येतं म्हणजे झालं. कसं करता येतं ते कोण विचारणार? दोन महिन्यांनी विंडोज परत घातलं, हळू चालतं तर चालू दे.

काना_मात्रा

ताई, चिवडा लिनक्सने केलेला नाही. कृतीदेवमध्ये मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. इंग्रजी अक्षर साठवलेलं असतं, त्यावर मराठीचा मुखवटा. मुखवटा नसला की खालचं दिसतं, मग ते कुठल्याही मशीनवर असो. युनिकोडमध्ये, म्हणजे खरं मराठी अक्षर साठवून, केलं असतं तर आज फोनवरही उघडलं असतं. २०२५ उलटून गेलं तरी लोक कृतीदेवमध्ये साठेखतं करतात, याने मराठीचं किती नुकसान झालंय याचा विचार करा. हजारो कागद असे आहेत, ज्यात शोध घेता येत नाही, कॉपी करता येत नाही. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिका. व्यंजनं उजव्या हाताला, स्वर डाव्या हाताला, पंधरा दिवसांत बोटं बसतात.

मोगरी

पंधरा दिवस दुकान तुम्ही चालवणार का? मिनिटाला ४० शब्द माझ्या बोटांत आहेत, त्यावर घर चाललंय. इन्स्क्रिप्टमध्ये मी मिनिटाला ८ शब्दांवर येते. समोर पक्षकार उभा असतो, कोर्ट अकराला सुरू होतं. आणि मराठीचं नुकसान मी केलं म्हणता? २००४ला या गावात मराठीत कागद टाइप करून देणारं दुसरं होतं कोण? तेव्हा विंडोजवर युनिकोड लावायचं तर सीडी मागवून घालावी लागायची, आणि छापखान्यात दिलं तर परत यायचं.

काना_मात्रा

२००४चं कोण बोलतंय, मी आजचं बोलतोय. आणि छापखान्याची सबब आता नाही.

मोगरी

सबब? बार्शीला या आणि छापखान्यात जाऊन विचारा, मग सबब म्हणा. अजून फाइल 'जुन्या फॉन्टमध्येच आणा' म्हणतात. शिवाय तुमच्या इन्स्क्रिप्टमध्ये 'सुऱ्या', 'दऱ्या' नीट करून दाखवा. पुतण्याने शिकवलं तर 'सुर्या' झालं. साठेखतात 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' गेलं की वकील माझ्या तोंडावर कागद फेकतो.

काना_मात्रा

शिफ्ट-जे, डी, स्लॅश. नुक्ताचा ऱ, हलन्त, य. साधा जे दाबला की रफार होतो, शिफ्टने दाबला की डोळ्याच्या पापणीसारखा आडवा ऱ्य येतो. पुतण्याला हे माहीत नव्हतं, हा कीबोर्डचा दोष नाही.

पण एका गोष्टीत तुमचा राग बरोबर आहे, ती सांगतो. 'ॲ' युनिकोडमध्ये आला २००८ला. मूळ इन्स्क्रिप्टच्या तक्त्यात त्याला बटणच नव्हतं. लोक हिंदीचा ऍ वापरत राहिले, अजून वापरतात. 'ॲप' आणि 'ऍप' शोधात दोन वेगळे शब्द होतात. मराठीचं अक्षर इतकी वर्षं ताटकळलं याचा मलाही संताप आहे.

पोलादी

धागा २ जीबीचा होता.

उंबर

धागा २ जीबीचाच आहे, मराठी टायपिंग त्यातच येतं. कीबोर्डचा लेआउट सिस्टिममधूनच निवडला, म्हणजे लिनक्समध्ये मुळातच असलेला (एक्सकेबीचा) इन्स्क्रिप्ट, तर वेगळी रॅम लागत नाही. टायपिंगसाठीचा आयबस हा वेगळा प्रोग्राम चालू ठेवला तर थोडी रॅम तिथेच जाते. १ जीबीच्या मशीनवर ते जाणवतं. मला जाणवलंय.

२०१७ ते २०२० मी गडचिरोलीत होतो. ॲटम एन२७०चं नेटबुक, १ जीबी, आयतं मिळालेलं. अँटीएक्स हे हलकं लिनक्स, आयसडब्ल्यूएम हा हलका डेस्कटॉप, चालू झाल्यावर १५० एमबीच्या आत. एम.ए.चा ९० पानांचा लघुप्रबंध त्यावर लिहिला. पद्धत अशी होती: ब्राउझर उघडायचा, लेख उतरवून घ्यायचा, ब्राउझर बंद, मग लिहायला लिब्रे ऑफिसचा रायटर उघडायचा. दोन्ही एकदम नाही. रात्री लाइट जायची, बॅटरी ४० मिनिटं टिकायची, म्हणून दर परिच्छेदाला सेव्ह. पोलादी, ८ हजारांचा फोन माझ्याकडेही होता. त्यावर ९० पानं, तळटीपांसकट, लिहून बघा.

मोगरीताई, तुमच्यासाठी: आयबसबरोबर एम१७एन (टायपिंगच्या पद्धतींचा संच) घातलं की मराठीत इन्स्क्रिप्टशिवाय गमभन, आयट्रान्स (या दोन उच्चाराप्रमाणे टाइप करायच्या) आणि रेमिंग्टनही मिळतं. मी रेमिंग्टन वापरत नाही, त्यामुळे तुमच्या बोटांना ते हुबेहूब बसेल अशी हमी देत नाही. पण 'लिनक्सवर नाहीच' हे खरं नाही. कृतीदेवची टीटीएफ फाइल होममधल्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकली की जुन्या फाइली दिसतात. डोंगलवाल्या पॅकेजला मात्र माझ्याकडे उपाय नाही.

मोगरी

रेमिंग्टन आहे हे पुतण्याने सांगितलं नव्हतं. बघते. डोंगलवाल्या फाइली माझ्या निम्म्या आहेत, तेव्हा विंडोज काढणार नाही.

आणखी एक. त्या मशीनवर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसायचे. लग्नपत्रिकेत तसा 'श' गेला तर आमच्याकडे लोक पत्रिका परत करतात.

काना_मात्रा

अक्षर तेच असतं, वळण भाषेवर ठरतं. नोटो किंवा लोहित देवनागरी फॉन्ट घ्या आणि लिब्रे ऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडा, 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे होतात. भाषा हिंदी ठेवली की हिंदी. लोहित फॉन्ट पुण्यातच रेड हॅटच्या लोकांनी सांभाळलेत, आणि आपल्याच लोकांना हे माहीत नाही.

मघाशी 'सबब' म्हणालो ते मागे घेतो. छापखान्याचं मला माहीत नव्हतं. कृतीदेवबद्दलचं मागे घेत नाही.

कृष्णाकाठ

मला यातला 'ल'-'श'चा भाग नवीन. मावशीच्या मशीनवर आज लावतो.

पोलादी

आता परत मुद्द्यावर येऊ का? उंबर, तुमची चिकाटी मोठी आहे. पण ब्राउझर बंद करून रायटर उघडायचा, हे तुम्हाला जमलं कारण तुम्हाला आत काय चाललंय ते कळत होतं. सातवीतल्या मुलाने हे का सहन करायचं? गरिबाच्या मुलाने मशीन समजून घेऊन वापरायचं आणि पैसेवाल्याच्या मुलाने नुसतं वापरायचं. हा न्याय तुम्हाला पटतो?

आणि तुमचं ते नेटबुक आज काय करतंय?

उंबर

कपाटात आहे. त्यातला एन२७० प्रोसेसर फक्त ३२ बिट, म्हणजे जुन्या पिढीचा. क्रोमने ३२ बिट लिनक्स २०१६लाच सोडलं होतं. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ला आलं, त्यात ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. फायरफॉक्सनेही १४४व्या आवृत्तीनंतर ३२ बिट लिनक्स बंद केलं, १४० ईएसआर या लांब मुदतीच्या आवृत्तीला सप्टेंबर २०२६पर्यंतची मुदत दिली. म्हणजे इतके दिवस 'जुनं मशीन' एवढंच म्हणून भागायचं, आता भागत नाही. आधी एलएससीपीयू ही कमांड चालवून बघा, ६४ बिट आहे का. असेल तर २ जीबीत कृष्णाकाठ म्हणतात तसं चालेल. नसेल तर वेबसाठी पोलादी म्हणतात ते बरोबर, हे लिहिताना मला वाईट वाटतंय.

न्यायाचं म्हणाल तर नाही पटत. पण मशीन काढून घेतलं तर न्याय होतो का?

कृष्णाकाठ

३२ बिटचं मी वर लिहायला हवं होतं. मावशीचा लॅपटॉप ६४ बिट आहे म्हणून ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

पण पोलादी, 'शाळेला जमणारच नाही' हे चूक. केरळच्या सरकारी शाळांत काइटचं स्वतःचं लिनक्स आहे. तिथल्या मुलांना वेगळं डोकं दिलेलं नाही.

पोलादी

तिथे काइट आहे! शिक्षकांना प्रशिक्षण देणारी, मशीन बिघडलं तर माणूस पाठवणारी सरकारी यंत्रणा आहे. माझं म्हणणं तुम्हीच सिद्ध करताय. आपल्याकडे लिनक्सचं काम भाच्यांवर आणि पुतण्यांवर चालतं. भाचा नोकरीला पुण्याला गेला की संपलं.

कृष्णाकाठ

मग भाच्याने काही करूच नये का? तुम्ही एकदा हात पोळले म्हणून दुसऱ्यांना 'भंगार' म्हणून मोकळे झालात. याचाच मला राग आला होता. तुमच्या शाळेत काय बिघडलं होतं ते तुम्ही प्रत्यक्ष जाऊन बघितलंत का?

पोलादी

नाशिकहून ४५ किलोमीटर, पावसाळ्यात, फुकट. दहा मशीन पोचवली तेव्हा कुणी डिझेलचे पैसे दिले नव्हते. मला विचारायच्या आधी तुम्ही किती शाळांना मशीन दिलीत ते सांगा.

कृष्णाकाठ

एकाही नाही. ते खरं आहे.

उंबर

भांडू नका. पोलादी, एक विचारतो. जूनमध्ये सगळ्या साइट एकदम बंद, नेट चालू, 'कनेक्शन सुरक्षित नाही'. गुरुजींनी मशीनचं घड्याळ बघितलं होतं का? माझ्या नेटबुकवर पहिल्या वर्षी पपी होतं. मशीनचं घड्याळ चालू ठेवणारा बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला आणि तारीख २००९वर गेली. तारीख चुकली की ब्राउझरला प्रत्येक साइटचं सर्टिफिकेट खोटं वाटतं. दोन महिने सुट्टीत भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाचं बटण बंद, १५ वर्षांचे सेल. मला तरी रॅमचा किंवा लिनक्सचा दोष वाटत नाही.

पोलादी

दहाही मशीनचे सेल एकदम जातील का?

उंबर

दहाही बंद होती असं गुरुजींनी मोजून सांगितलं होतं का?

हिशेबी

सेलची किंमत ३० ते ४० रुपये. दहाचे ४०० धरा.

पोलादी

(१६ दिवसांनी)

शाळेत जाऊन आलो. धाग्यावर बोललो म्हणून गेलो, नाहीतर गेलो नसतो.

दहापैकी तीन मशीन मेलीच आहेत. दोघांच्या बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेत, एकाचं एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) गेलंय. उरलेली सात चालू झाली. पहिल्यावरची चादर काढली, बटण दाबलं, बायोसमध्ये तारीख १ जानेवारी २००८, वेळ रात्री बारा वाजून दोन मिनिटं. दुसऱ्यावर २००५. सातपैकी सहाचे सेल रिकामे. सातव्याचा बरा होता, त्यावर मेल तेव्हाही उघडत असणार. त्याला कुणी हात लावला नव्हता, कारण बाकीची बंद म्हणून सगळी बंद.

पहिला सेल मी बदलला. खाचेतली पट्टी नखाने बाजूला सारली की सेल उडी मारून वर येतो. शेजारी सहावीतली एक मुलगी उभी होती. दुसरा तिने बदलला, तिसराही. तारीख घातली, साइट उघडली. गुरुजी काही बोलले नाहीत, मीही नाही.

तेव्हा उंबर बरोबर होते. दोष लिनक्सचा नव्हता, रॅमचा नव्हता. आणि फोनवर 'रीस्टार्ट करा' सांगणारा मी १९ वर्षं हार्डवेअर करतोय. पण माझं मूळ म्हणणं सोडत नाही, उलट आता जास्त ठाम आहे: ३० रुपयांच्या सेलसाठी सात मशीन एवढे दिवस चादरीखाली होती, कारण बघायला माणूस नव्हता. मशीन देणाऱ्याने वर्षातून दोनदा जायची तयारी ठेवावी, नाहीतर देऊ नये. 'भंगार' हा शब्द मागे घेतो.

सातपैकी तीन पेंटियम ४ आहेत, ३२ बिट. ती बंदच ठेवायला सांगितली. हिशेबी, तुमचं बिल गुरुजींना दाखवलं. चार कोअर २ ड्युओ आहेत, ६४ बिट, २ जीबी. त्यांच्यावर पुढच्या रविवारी डेबियन.

कृष्णाकाठ

मनापासून आनंद झाला. मी तावात बोललो, तेवढं विसरा. डेबियनमध्ये नेट आलं की घड्याळ आपोआप जुळतं, त्यामुळे सेल गेला तरी हा त्रास पुन्हा होणार नाही. पपीत ते हाताने करावं लागतं. झेडरॅमला रॅमच्या निम्मा आकार द्या, दाबायची पद्धत एलझेड४ वापरा, त्या प्रोसेसरला झेडएसटीडी जड जातं. हार्डडिस्क जुन्याच असतील तर चार एसएसडींपैकी दोन माझ्याकडून, पत्ता निरोपात पाठवा. प्रिंटर कोणता आहे? मॉडेल नंबर मागच्या स्टिकरवर असतो.

पोलादी

झेरॉक्सच्या दुकानात असतो तो छोटा लेझर. नंबर रविवारी बघतो. त्याच्यावर तुम्हीच डोकं लावायचं, मी आधीच दोन संध्याकाळी घालवल्यात. मेमरी किती भरते तेही लिहीन, तुमच्या ३८०वर माझा अजून विश्वास नाही.

मोगरी

पोलादी, शाळेतल्या मशीनवर मराठीला इन्स्क्रिप्ट लावा, रेमिंग्टन लावू नका. मुलांची बोटं कोरी आहेत. काना_मात्रा यांनी हे वाचून मला काही लिहू नये, मी माझं बदलणार नाही. एम१७एनचं रेमिंग्टन लावून बघितलं, 'दुसऱ्या' नीट येतं, दोन-तीन बटणं इकडची तिकडे आहेत, बोटं अडखळतात.

कीबोर्डवर चिकटवायची मराठी अक्षरांची स्टिकरं माझ्या दुकानात आहेत. किती पाठवू?

पोलादी

चार संच. आणि ताई, दोन जास्तीचे टाका, मुलं नखाने काढतात.